कोमळमच्या पायावरची पट्टी

कुंभकोणम
७ जून

सिस्टर सगायमेरी यांस,

पंचापकेशन स्वयंपाक्याचा आशीर्वाद. आम्ही दोघं नवराबायको इथे बरे आहोत. नागपट्टिणमला तूही बरी असशील असं धरून चालतो.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. चाळीस वर्षांत मी लग्नघरांसाठी सामानाच्या याद्या सोडून दुसरं काही लिहिलेलं नाही. इतके नारळ, इतकी केळीची पानं, इतकं तूप. तेव्हा मायना चुकला तर हसू नकोस. तुझा पत्ता कोमळमने दिला. तिच्याकडे तो कसा आला हे मी विचारलं नाही.

तू म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम धरलंस असं कळलं. चांगलं झालं. तुझं गाव जवळ, समुद्राचं वारं, आणि मठातल्या बायकांकडे जेवण घड्याळावर मिळत असेल.

पायाचं विचारशील तर ठीक आहे. कापलेल्या दोन बोटांची जागा भरून आली. मी घरातच असतो. लग्नांची कामं आता दुसरे लोक करतात, आणि रसम कसं पचपचीत झालं होतं ते लोक मला येऊन सांगतात.

इस्पितळाने तुला काढलं याचं वाईट वाटलं. मोठ्या ठिकाणी असंच चालतं. चेन्नईच्या डॉक्टरांना आपलं यंत्र वाचवायचं होतं, मग कुणाच्या तरी मानेवर सुरी फिरणारच. चौकशीत मला जे विचारलं त्याला मी उत्तर दिलं. साखरेच्या रोग्याला वार, तारखा सगळं कुठे आठवतं? तू मनात काही धरलं असशील तर काढून टाक.

कोमळम आत्ता दारात उभी राहून विचारतेय, "काय लिहिताय एवढं?"

"खुशाली," मी म्हणालो.

"कुणाची?" म्हणाली आणि आत गेली.

उत्तर पाठव.

पंचापकेशन


कुंभकोणम
२३ जून

सगायमेरी,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मला तरी कुठे वाटत होतं.

मागच्या पत्रात लिहिलं की बोटांची जागा भरून आली. ती जागाच आता उरलेली नाही. तू गेल्यावर महिन्याभरात पाऊल काळं पडलं, ताप चढला, आणि एकवीस एप्रिलला उजवा पाय गुडघ्याखाली कापला. हे मी का लपवलं ते सांगतो. तू वहीत लिहीत होतीस की जखम वाढतेय. पाय गेला म्हणजे तू खरी होतीस. ते माझ्या हाताने कागदावर उतरेना.

आता घरात बसून मी जुन्या गोष्टी काढतो. तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो का? गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. एका लग्नात माझ्या पायावर कढत पेज सांडली होती आणि मला कळलंसुद्धा नव्हतं. मंडपमभर मी ते मिरवत होतो: पंचूच्या पायाला आग लागत नाही! साखरेने नसा मेल्यात म्हणून दुखत नाही, हे तू सांगितलंस. तोवर तीन महिने झाले होते आणि घरात वास येत होता. कोमळम उदबत्ती लावायची. माझा सख्खा भाऊ चौकटीतूनच बोलून परत जायचा. तू मात्र ओट्यावर फतकल मारून बसलीस, माझी टाच स्वतःच्या मांडीवर घेतलीस आणि म्हणालीस, "मामा, बघू तरी काय शिजलंय."

तेव्हा तू ती पट्टी दाखवलीस. जेलीसारखी पातळ, आत केसाएवढ्या तारा, वर बटणाएवढी डबी. जखमेची ऊब, ओल, आंबटपणा मोजून फोनवरून इस्पितळाला कळवणार, पायावर किती भार पडला तेही सांगणार, आणि लागेल तेव्हा आतूनच औषध सोडणार, विजेच्या बारीक मुंग्या आणून मांस भरायला लावणार. मी म्हणालो, "ही तर माझ्या सासूपेक्षा चौकस आहे." तू हसलीस. वीस रोग्यांवर पट्टीची परीक्षा चालली होती, त्यातला मी एक. सगळं फुकट. अट एकच: पट्टी रात्रंदिवस पायावर, आणि पाय जमिनीवर नाही.

त्या दिवशी मी तुला कॉफी दिली ती कागदी पेल्यात. घरात पितळेचे अठरा पेले आहेत. कागदी पेल्यांची चळत मी तू येणार म्हणून मुद्दाम दुकानातून आणली होती. दर शुक्रवारी कॉफी पिऊन झाली की तू तो पेला मुठीत चुरगळून स्वतःबरोबर न्यायचीस आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर टाकायचीस. मी ओट्यावरून बघायचो. तुला सगळं कळत होतं.

पंचापकेशन


कुंभकोणम
८ जुलै

सगायमेरी,

पट्टी कशी फसली ते आज लिहितो. तुला यातलं निम्मं ठाऊक आहे. माझ्या बाजूने ऐक.

जानेवारीत तै महिना लागला की आमच्याकडे लग्नांची रीघ असते. सीताराम चेट्टियारांच्या घरचं पहिलं लग्न मी सोडूच शकत नव्हतो. त्यांच्या तीन पिढ्यांची लग्नं माझ्या हातून झाली. तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून सांगितलं नाही. पहाटे चुली पेटवल्या. अक्कारवडिसलच्या गोड भाताचं मोठं पातेलं चढवलं, त्याला दूध आटेस्तोवर उभं राहून ढवळावं लागतं. तासाभरात फोन वाजला.

"मामा, कुठे आहात?"

"घरीच. पाय वर घेऊन पडलोय."

"मग तुमच्या अंथरुणात चूल कुणी पेटवली? पट्टी लाल दाखवतेय."

मी फोन बंद केला. कोमळमकडून पत्ता काढून, दोन बस बदलून तू मंडपमला आलीस. पांढऱ्या गणवेशात, चपला घालून, थेट माझ्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात! चाळीस वर्षांत तिथे नवऱ्या मुलाचा बापसुद्धा चपला घालून आला नव्हता. "मामा, खाली बसा. आत्ताच्या आत्ता." माझ्या हातातला झारा काढून घेतलास आणि दंडाला धरून मागच्या अंगणात नेलंस. वाढपी खिदळायला लागले. चेट्टियारांचा मेहुणा ओरडला, "पंचू, आई आली वाटतं शाळेतून घ्यायला!"

मी सगळ्यांना सांगितलं, रक्तातली साखर तपासायला आलीय. जखमेचं कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तू ते ऐकलंस आणि मला खोटं पाडलं नाहीस. अंगणात, नळाच्या आडोशाला, पट्टी सोडून पाय धुतलास, पुन्हा बांधलास. तोंडाने एकच वाक्य: "उद्या हा पाय मागाल तेव्हा मी कुठून आणू?"

मला त्या वाक्याचं काही वाटलं नाही. आतून अजून हसण्याचा आवाज येत होता, तो माझ्या कानात बसला होता. एका कोळ्याच्या पोरीने मला चार माणसांत हाताला धरून बाहेर काढलं. हे असंच्या असं माझ्या मनात आलं होतं, सगायमेरी. शब्द बदलून लिहिणार होतो, बदलला नाही.

आठ दिवसांनी दुसरं लग्न होतं. निघताना मी पट्टी सोडली आणि कोमळमला म्हणालो, "तुझा पाय दे."

"मला काय झालंय?"

"तुला काही झालेलं नाही, म्हणूनच दे."

तिने नाही म्हटलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी ताट भिरकावलं. मग तिने पाय पुढे केला.

तू जखम कशी पुसायचीस ते मी बघितलेलं होतं, त्यामुळे पट्टीही नीट पुसून तिच्या घोट्याखाली चिकटवली. चालली तर पट्टी सांगेल म्हणून तिला दिवसभर पाटावर पाय ठेवून बसवलं. पाण्याला उठायचं नाही, देवळात जायचं नाही. मी माझ्या पायाला धोतराचं जुनं फडकं गुंडाळून निघालो. चेन्नईला फोनवर काय दिसलं असेल? ऊब उतरली, ओल गेली, भार शून्य. जखम भरतेय! कोमळमच्या चांगल्या पायाने माझी जखम भरून दाखवली.

असे अकरा दिवस झाले त्या महिन्यात. शुक्रवारी तू यायच्या आत पट्टी परत माझ्या पायावर.

तिच्या घोट्याखाली औषधाने आणि त्या मुंग्यांनी एक लाल चट्टा उठलाय. अजून गेलेला नाही. तो मी बघितला कधी? गेल्या आठवड्यात. मी खाटेवर असतो, ती खाली बसून भाजी चिरते, म्हणून दिसला.

पंचापकेशन


कुंभकोणम
१९ जुलै

सगायम,

बुधवारचं राहिलं.

तू आमच्या गल्लीत दुसऱ्या रोग्याकडे आली होतीस आणि मामींना भेटून जावं म्हणून सहज डोकावलीस. कोमळम पाटावर पाय ठेवून बसलेली, पायाला पट्टी. ती रडायला लागली. तू रागावली नाहीस, असं ती सांगते. तिच्या पायावरची पट्टी सोडलीस, तिला पाणी आणून दिलंस आणि माझी वाट बघत बसलीस.

मी दुपारी स्वामिमलैहून आलो. हाताला तुपाचा वास, पायाखालचं फडकं चिंब. ते पाणी नव्हतं. तू फडकं सोडलंस तेव्हा तुझं तोंड मी पाहिलं.

"मामा, हे मला लिहावं लागेल."

मी तुझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. पट्टी गेली, फुकटचे उपचार गेले, तर मी मेलो, म्हणालो. आता एकही लग्न घेणार नाही, म्हणालो. कोमळमने तुझा हात धरला. तू ओट्याच्या कडेला टेकलीस. मग म्हणालीस, "एकदा. मामींकडे बघून एकदाच. पुन्हा असं झालं तर मी पहिली बस पकडून तंजावरच्या इस्पितळात डॉक्टर इळंगोवनांसमोर जाऊन उभी राहीन."

पुढच्या शुक्रवारी जखम मोजपट्टीने मोजलीस तर ती वाढलेली. फोनवर मात्र सगळं हिरवं. तू मला विचारलंस, "मामा, खरं सांगा. परत काढली का?"

मी कुंभेश्वराची शपथ घेतली. वर म्हणालो, "आमच्या घरात खोटं बोलायची चाल नाही. तुमच्याकडे असेल." तू वहीत आकडा लिहिलास. खरा आकडा. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवलास, स्वतःच्या डोळ्यांवरही ठेवलास, आणि दोन्हींचा मेळ लागेना तेव्हा चेन्नईला कळवलंस की यंत्र बिघडलं असावं.

त्या दिवसापर्यंत मी शब्द मोडून दोन लग्नं केली होती. त्यानंतर आणखी दोन केली.

पंचापकेशन


कुंभकोणम
१४ ऑगस्ट

सगायम,

मधे तीन पत्रं लिहिली आणि फाडली. तिन्हींत मी स्वतःला थोडा थोडा वाचवला होता.

चौकशीची खोली. लांब टेबल, डॉक्टर इळंगोवन, चेन्नईचे दोघे, आणि भिंतीशी खुर्चीवर तू. माझी दोन बोटं आदल्या आठवड्यात कापलेली, मी चाकाच्या खुर्चीत. चेन्नईच्या माणसाने कागद पुढे केला. पट्टीत कसलाही दोष नाही, ती तपासून पाहिली. तिने धडधाकट कातडीचे आकडे पाठवलेत. वहीतले आकडे वेगळेच. एक तर सिस्टरने पट्टी भलत्या जागी बांधली, नाहीतर ती रोग्याकडे गेलीच नाही आणि घरी बसून वही भरली.

मला विचारलं, "तुम्ही पट्टी कधी काढलीत?"

"मी कशाला हात लावू? सिस्टर बांधायची तशी असायची."

"त्या दर शुक्रवारी येत होत्या?"

खोलीत पंखा फिरत होता. तू माझ्याकडे बघत होतीस. तुझ्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तू नुसती वाट बघत होतीस. तुला वाटत होतं की मी सांगेन.

मी म्हणालो, "येत असेल. मी काही वार मोजत नाही."

एवढंच. मी तुला खोटी म्हटलं नाही, चोर म्हटलं नाही. "येत असेल." एकही शुक्रवार तू चुकवला नव्हतास. पोंगलच्या सुट्टीतही आली होतीस.

डॉक्टर तुझ्याकडे वळले. "सिस्टर, तुम्हाला काही सांगायचंय?" बुधवारचं सगळं तुला माहीत होतं. एका वाक्यात तू सुटली असतीस. तू म्हणालीस, "माझ्या वहीतले आकडे खरे आहेत," आणि खाली बसलीस. कोमळमला दिलेला शब्द तू त्या खोलीत पाळलास, जिथे मी सगळेच मोडले.

का बोललो नाही ते आता लिहितो. उपचार बंद होतील ही भीती होती, पण ती लहान. मोठी भीती दुसरीच होती. खरं बाहेर आलं असतं तर गावाला कळलं असतं की पंचूने पू गळत्या पायाने अकरा लग्नांचा स्वयंपाक केला. ज्या स्वयंपाकघरात तुझ्या चपलांनी विटाळ झाला म्हणून मी दुसऱ्या दिवशी गोमूत्र शिंपडलं, तिथे माझं फडकं फरशीवर ओले ठसे उमटवत होतं. एकदा पायसमच्या पातेल्याशेजारी एक ठसा बघितला आणि दुसऱ्या पायाने पुसला. मग पाय न धुता ढवळत राहिलो. हजार माणसं जेवली. लोकांनी माझ्या पाया पडून विडे दिले.

माझं नाव वाचवायला तुझं दिलं. दुसरं काही कारण नाही.

पंचापकेशन


कुंभकोणम
२८ ऑगस्ट

सगायम,

मागचं पत्र मी कोमळमला वाचून दाखवलं. पेटीत टाकायच्या आधी तिने ऐकावं असं वाटलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "पहिल्या पत्रात पाय बरा आहे म्हणून लिहिलं होतंत ना?"

"तुला कसं कळलं?"

"तिनेच सांगितलं. हसली नाही हो, नुसतं सांगितलं."

मग तिने एकेक काढलं. मेमध्ये कापलेल्या पायाची जखम वाहायला लागली तेव्हा कोमळमने घाबरून तुला फोन केला होता. तेव्हापासून तू दर शुक्रवारी फोन करतेस. मिठाचं पाणी किती कोमट, फडकं कसं उकळायचं, थोट्या पायाला सूज येऊ नये म्हणून कसं आवळून बांधायचं, हे सगळं तू सांगत होतीस आणि ती करत होती. मला वाटत होतं, बायको हुशार झाली. मी तुला "पाय ठीक आहे" लिहीत होतो आणि तो पाय नागपट्टिणमहून तूच सांभाळत होतीस.

मी कोमळमला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बांधू दिलं असतंत?"



परवा आम्ही तंजावरला गेलो. कुबड्यांवर बसमध्ये चढायला मला चार माणसं लागली. डॉक्टर इळंगोवनांना मी लिहून नेलेला कागद दिला. पट्टी मी काढली, बायकोच्या पायावर लावली, अकरा दिवस. सिस्टर दर शुक्रवारी येत होती. चौकशीत मी खोटं बोललो. त्यांनी दोनदा वाचलं.

"मिस्टर पंचापकेशन, या पट्टीने एकोणीस जणांचे पाय वाचवले," ते म्हणाले. "विसावे तुम्ही होतात. तुमच्यामुळे आम्ही चांगल्या यंत्रात दोष शोधत बसलो आणि चांगल्या नर्सला घरी पाठवलं. आता का आलात?"

मी म्हणालो, "आधी यायला हवं होतं म्हणून." याहून चांगलं उत्तर मला सुचलं नाही.

माझं नाव रोग्यांच्या यादीतून काढलं. लाकडी पाय त्यांच्याकडून मिळणार होता, तोही आता नाही. ते बरोबरच आहे. चेट्टियारांच्या घरीही मी निरोप पाठवलाय, खरा निरोप. अजून कुणी आलेलं नाही.

बुधवारचं मी कागदात लिहिलं नाही. तुला माहीत होतं हे कुणाला कळायचं कारण नाही. तू निर्दोष सुटशील.

पंचापकेशन


कुंभकोणम
१७ सप्टेंबर

सगायम,

शुक्रवारी फोन वाजला तेव्हा मी नेहमीसारखा मागच्या अंगणात जायला उठलो. कोमळमने फोन पुढे केला. "तुम्हाला मागतेय."

मला वाटलं, तू शिव्या देशील, किंवा माफ केलं म्हणशील. दोन्हींची मी तयारी ठेवली होती. तू विचारलंस, "मामा, बुधवार का गाळलात?"

"तुझ्यासाठी."

"त्या दिवशी मी लिहिलं असतं तर तुमचा पाय राहिला असता. जखम तेव्हा चार बोटं होती. रोज झोपताना मी ती मोजते. तुम्ही ती कागदातून पुसून टाकलीत. आता मी कुणाला सांगू?"

मी फोन कोमळमच्या हातात दिला. पाच महिने मी एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, ती इथे लिहितो. खाटेवर पडल्या पडल्या कधी कधी माझ्याही मनात येई की सगायमने तेव्हा सांगायला हवं होतं, माझं ऐकायला नको होतं. पाय माझ्यामुळे गेला हे माहीत असूनही मी त्याचा वाटा तुझ्या पदरात टाकून बघायचो. तू तो आपणहून उचलायला निघालीस तेव्हा मला कळलं की मी किती हलका माणूस आहे.

सोमवारी तू इळंगोवनांसमोर उभी राहिलीस. आम्हाला आत घेतलं नाही. बाकावर बसून कोमळम जपमाळ ओढत होती आणि मी दाराकडे बघत होतो. तू बाहेर आलीस आणि कागद आमच्या हातात दिलास: वहीतले सगळे आकडे खरे धरावेत, भेटी सगळ्या झाल्या, रोग्याने पट्टी काढल्याचं एकदा दिसूनही कळवलं नाही, याबद्दल ताकीद. नोकरी परत देऊ केली, ती तू घेतली नाहीस. "आश्रमात बत्तीस म्हातारे आहेत," म्हणालीस. "त्यांना पट्टी सोडून पळता येत नाही." कोमळम हसली. मीही हसलो, मग लाज वाटली.

स्टँडवर आपण तिघं अर्धा तास उभे होतो. मी मनात माफीचं वाक्य जुळवत होतो. कोमळमने तुला चिंचभाताचा डबा दिला, तुम्ही दोघी तिच्या घोट्यावरच्या चट्ट्याबद्दल बोललात, कसलं मलम लावायचं ते ठरलं. बस हलली तेव्हा मी वाक्य उच्चारायला तोंड उघडलं. तेवढ्यात तू खिडकीतून विचारलंस, "मामा, डाव्या पायाची बोटं रोज बघता ना? फटींतसुद्धा?"

मी म्हणालो, "हो, रोज."

सगायम, ते खोटं होतं. जीभ आपोआप वळली. एक दिवसही बघितली नव्हती. आज सकाळी उजेडात बसून आरसा धरला आणि पहिल्यांदा बघितली. करंगळीच्या खाली तांदळाच्या दाण्याएवढी भेग आहे. दुखत नाही. कोमळमला लगेच दाखवली, तिने मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवली. शुक्रवारी ती तुला सांगेल, पण त्याआधी मी सांगतोय.

पंचापकेशन